शेंग आधी, मसाला मागून

शेंगभाजीची आपली रीत ठरलेली आहे. कढईत तेल तापवायचं, मोहरी-जिरं तडतडलं की ठेचलेला लसूण, हळद, तिखट, मग निवडलेल्या शेंगा, पाण्याचा एक हबका आणि वर झाकण. बरबटी (म्हणजे चवळीच्या शेंगा) असो, गवार असो, वालाच्या शेंगा असोत की फरसबी, सगळ्यांना एकच न्याय. सकाळी वावरात जायची घाई असते तेव्हा हीच रीत कामाची. पण तिच्यात एक गोम आहे. शेंग शिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून मसाल्यालाही तेवढा वेळ चुलीवर काढावा लागतो. तोवर लसूण करपतो आणि तिखटाचा रंग मरतो. टमाटर पडलेलं असेल तर शेंग नरम व्हायला आणखी वेळ घेते, आणि झाकणाखाली तिचा हिरवा रंग शेवाळी होतो. भाजी बेचव लागली की आपण दोष मसाल्याला देतो आणि दुसरं पाकीट आणतो. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. शेंग शिजवणं हे एक काम आणि तिला चव लावणं हे दुसरं, असं मानून चाललं की आपल्याच मांडणीवरच्या डब्यांतून सात-आठ नव्या भाज्या निघतात.

त्याआधी शेंगेची परीक्षा. फरसबी थंडीचं पीक आहे. तापमान पस्तिशीकडे गेलं की तिची फुलं गळतात, म्हणून आपल्याकडे ती दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच खरी. वैशाखात तालुक्याच्या बाजारात दिसते ती दूरच्या थंड मुलखातून आलेली, दोन-तीन दिवस पोत्यात दबलेली असते. उन्हाळा आणि पावसाळा गवार-बरबटीचा, पौष-माघ वालाचा. वालाला काही गावांत पोपट म्हणतात. कुंपणावर चढलेला त्याचा एक वेल घराला पुरून शेजाऱ्यांनाही पुरतो. घेताना शेंग वाकवून पाहावी. कडकन मोडली आणि मोडल्या जागी ओल दिसली तर ताजी. रबरासारखी वाकली तर तिच्यातलं पाणी उडालेलं आहे आणि कितीही शिजवली तरी ती चिवटच लागणार. फरसबीत दाण्याचे उंचवटे बाहेरून दिसायला लागले की शेंग जून झाली. बरबटीचं तसं नाही, दाणा थोडा भरलेला असला तर उलट चव येते. गवार मात्र बोटाएवढी, बारीक आणि चपटीच घ्यावी. गवारीच्या दाण्यात जो डिंक असतो (ज्याच्यासाठी राजस्थानात तिचं एवढं मोठं पीक घेतात) तो जून शेंगेत वाढतो आणि भाजी चिकट होते.

आणलेल्या शेंगा धुऊन ठेवू नयेत. कोरड्याच ओलसर सुती फडक्यात गुंडाळून माठाजवळच्या गारव्यात ठेवल्या तर हिवाळ्यात दोन दिवस टिकतात. फ्रिज असेल तर खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्या, बर्फाच्या कप्प्याशेजारी नाही. पाच अंशांखालच्या थंडीत फरसबीला बाधा होते, आठवडाभरात सालीवर तांबूस डाग आणि खड्डे पडतात. लोकांना ती सड वाटते, असतो तो थंडीचा मार.

आता पाणी. या विषयावर थोडं रेंगाळायला हवं, कारण खेड्यातल्या निम्म्या शेंगभाज्या पाण्यापायी बिघडतात. बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्यात शेंगही मऊ होत नाही. शेंगेच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. जड पाण्यातला चुना त्याला आणखी घट्ट करतो. असं पाणी बरेचदा थोडं क्षारी असतं, त्यामुळे शेंग दिसायला छान हिरवी राहते आणि खाताना चावली जात नाही. उपाय साधा आहे. शेंगांसाठीचं पाणी आधी दहा मिनिटं खळखळ उकळून खाली ठेवावं, तळाशी पांढरा गाळ बसू द्यावा आणि वरचं पाणी दुसऱ्या गंजात ओतून घ्यावं. जडपणा पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो. पाण्यात मीठ घातलं तरी मदत होते, कारण मिठातला सोडियम पेक्टिनमधल्या चुन्याची जागा घेतो. पाव किलो शेंगांना दोन लिटर पाणी आणि त्यात २० ग्रॅम मीठ, म्हणजे पोहे खायचे दोन चमचे सपाट. हे प्रमाण ऐकून हात आखडतो, पण पाणी फेकूनच द्यायचं असतं, शेंगेत मुरतं ते थोडंच.

दोन लिटर का, अर्धा लिटर का नाही? कमी पाण्यात शेंगा टाकल्या की उकळी बसते, पाणी साठ-सत्तर अंशांवर येतं आणि तिथेच रेंगाळतं. त्या कोमट अवस्थेत शेंगेतलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेक्टिनला असं बांधून टाकतं की पुढे कितीही उकळा, चिवटपणा हटत नाही. थंड पाण्यात शेंगा टाकून मंद चुलीवर ठेवल्या तरी हेच घडतं. पाणी खळखळतं हवं आणि शेंगा पडल्यावर एका मिनिटात पुन्हा खळखळायला हवं. त्यासाठी जाळ मोठा किंवा शेंगा थोड्या, दोन वेळा उकळाव्या लागल्या तरी चालेल.

झाकण ठेवू नये. शेंग तापली की तिच्यातली आम्लं वाफेबरोबर निघतात; झाकण असलं की तीच वाफ थेंब होऊन परत खाली पडते. आम्लाने हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निसटतं आणि रंग शेवाळी होतो. खाण्याच्या सोड्याने रंग टिकतो हे खरं, पण शेंगेची साल लगदा होते, साबणासारखी चव येते आणि क जीवनसत्त्व जातं. जून बरबटीला पाणी फारच जड असेल तर दोन लिटरला एक लहान चिमूट, त्यापलीकडे सोड्याला हात लावू नये. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या गंजात शेंगा हिरव्याकंच राहतात, पण तो रंग तांबं उतरल्याचा असतो. त्याचं कौतुक नको.

कोवळ्या फरसबीला चार मिनिटं, जाडीला सहा, बरबटीला पाच ते सात. एक शेंग काढून चावून पाहावी, दाताखाली कचकन आवाज आला तर अजून कच्ची, नुसता हलका अडथळा लागला तर झाली. फरसबी राजम्याच्याच जातीची आहे. कच्च्या फरसबीतही राजम्यासारखं पोट बिघडवणारं लेक्टिन असतं, म्हणून ती कोशिंबिरीत कच्ची चिरून घालू नये. उकळीतून काढल्यावर थेट गार पाण्यात टाकावी. बर्फ नसला तर माठाचं पाणी चालतं, एकदा बदलावं लागतं. तेही नको असेल तर परातीत फडक्यावर एकेरी पसरून पंख्याखाली ठेवावी. ढीग करून ठेवली तर आतल्या उष्णतेने ती शिजत राहते, आणि पाच मिनिटांची मेहनत तिथे वाया जाते. इथवर शेंगेचं काम संपलं. ही शेंग सकाळी करून ठेवली तर दुपारी किंवा संध्याकाळी हवी ती चव लावता येते.

पहिली चव जवसाची, कारण ती घरातच असते. एक वाटी जवस मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजावा. तडतड सुरू होते, ती मंदावली की लगेच ताटात काढावा. कढईतच ठेवला तर कडू होतो. आठ सुक्या मिरच्या, एक चमचा जिरं, चवीपुरतं मीठ आणि कोरड्या तव्यावर सुकवलेल्या दहा लसूणपाकळ्या घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. भिवापुरी मिरची मिळाली तर तीच घ्यावी, रंग आणि झणका दोन्ही येतात. पाव किलो शिजवलेल्या, नीट कोरड्या केलेल्या शेंगांना दोन पोहे-चमचे चटणी, एक चमचा कच्च्या घाणीचं जवसाचं तेल, बारीक चिरलेला कांदा आणि वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर). तेल तापवायचं नाही. जवसाचं तेल शंभरीच्या थोडं पुढे गेलं की धुरावतं आणि वास बिघडतो, म्हणून फोडणीला ते निरुपयोगी आणि वरून घालायला उत्तम. चटणी अगदी वाढायच्या वेळी घालायची, कारण जवसाला पाणी लागलं की तो बुळबुळीत चीक सोडतो. ओल्या शेंगांवर चटणी टाकून तासभर ठेवा, भेंडी खाल्ल्यासारखं वाटेल. चटणी एका आठवड्यापुरतीच करावी, जवसाच्या तेलाला खवट व्हायला वेळ लागत नाही. कारळाची किंवा तिळाची चटणी याच प्रमाणात चालते आणि तिला बुळबुळीची भीती नाही. पण कारळ थोडं कडसर असतं, त्याच्यासोबत चिमूटभर गूळ हवा.

पाणी अजिबात न वापरता शेंग करायची असेल तर लोखंडी कढई. चीनच्या सिचुआन प्रांतात शेंगा अशाच कोरड्या परततात, सुरकुत्या पडेपर्यंत. तिथे त्यावर खिमा आणि तिथलं खारवलेलं लोणचं पडतं, आपण ठेचा घालू. पाव किलो फरसबी किंवा बरबटी बोटभर लांब तुकडे करून फडक्याने खरोखर कोरडी पुसावी. हा टप्पा लोक टाळतात आणि मग कढईत भाजी परतली जात नाही, वाफवली जाते. कढई तीन-चार मिनिटं तापवून पाण्याचा थेंब टाकून पाहावा, थेंब नाचला की दीड पोहे-चमचा तेल आणि शेंगा एकेरी पसरून टाकाव्या. दोन मिनिटं हात लावायचा नाही. सतत सराटा फिरवायची आपल्याला सवय आहे, ती इथे आवरावी, कारण डाग पडायला शेंग लोखंडाला टेकलेली राहिली पाहिजे. मग उलटून पुन्हा तसंच, एकूण सात-आठ मिनिटं. साल आकसून त्यावर काळपट डाग पडतात, आत ती गोड होते. जाड शेंग आतून कच्ची वाटली तर दोन चमचे पाणी शिंपडून दोन मिनिटं झाकावी आणि पाणी उडवून टाकावं. आता जाळ कमी करून शेंगा बाजूला सारायच्या, मध्ये एक चमचा तेल, त्यात सहा लसूणपाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्यांचा ताजा ठेचा, पाऊण मिनिट परतून शेंगांत मिसळायचा. मीठ सगळ्यात शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटून डाग पडणं थांबतं. लिंबू ताटात पिळावं, कढईत नाही. आंबट आणि लोखंड एकत्र आले की भाजी काळी पडते आणि तिला धातूचा वास येतो. अर्धा किलो शेंगा एकदम टाकायचा मोह होतो, तेव्हा कढई थंड पडते. दोन खेपांत करावं.

वांग्याचं भरीत आपण तुराट्या-पऱ्हाट्यांच्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर करतो, मग शेंगेचं का नको? वालाच्या कोवळ्या शेंगा किंवा बरबटी यासाठी चांगल्या. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. वांग्याची जळलेली साल आपण काढून टाकतो, शेंगेची साल खातो. पऱ्हाटीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, तुरीवरही कमी नसतात. म्हणून शेंगेला त्या काड्यांचा धूर नको, बाभळीचे निखारे घ्यावे. जाळ पूर्ण बसून निखाऱ्यांवर राख धरू लागली की जाळी ठेवायची. अर्धा किलो शेंगांच्या दोन्ही कडांचे दोरे काढून दोन चमचे तेल आणि अर्धा चमचा मीठ चोळायचं. तेल नसेल तर साल वाळून कागदासारखी होते. आठ ते दहा मिनिटं, मधून हलवत. वालाची शेंग फुगते आणि तिच्या शिवणीतून वाफ सुटते, तेव्हा झाली. चार हिरव्या मिरच्या आणि सहा लसूणपाकळ्या त्याच जाळीवर भाजून घ्याव्या. खलबत्त्यात आधी मिरची, लसूण, अर्धा चमचा जिरं आणि मीठ, मग दोन चमचे भाजलेले शेंगदाणे, शेवटी शेंगा मूठमूठ. मिक्सर वापरू नये, त्याने शेंगेचे धागे सुटून हिरवी पेस्ट होते. ठेचताना दाणे अर्धे फुटलेले आणि साल चुरगळलेली राहिली पाहिजे. वर कांद्याची पात, सांबार, आणि दोन चमचे तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. हे भाकरीबरोबर छान लागतंच, पण गरम गाकराबरोबर (जाड भाजलेल्या पोळीबरोबर) त्याहून चांगलं. जून वाल या भरताला नको. जुनात कडवटपणा असतो आणि काही जातींत तो नुसत्या भाजण्याने जात नाही. त्या शेंगा सोलून दाणे उकळावे आणि पहिलं पाणी फेकावं.

आंबटाचा विचार वेगळा करावा लागतो. चिंच, कैरी, आमचूर, टमाटर, दही या सगळ्यांत आम्ल असतं आणि आम्ल दोन गोष्टी करतं, रंग घालवतं आणि शेंग मऊ होऊ देत नाही. म्हणजे आंबट हे नेहमी शिजलेल्या शेंगेला, आणि शक्यतो शेवटच्या मिनिटात. एवढं पाळलं की संत्रंसुद्धा चालतं. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्र्यांच्या पट्ट्यात आंबिया बहराची फळं आणि फरसबी एकाच वेळी बाजारात असतात, आणि तरी दोघांची गाठ कोणी घालत नाही. दोन संत्र्यांचा रस हाताने पिळावा. बियांसकट मिक्सरमधून काढला तर कडू होतो, आणि पिळून तासभर ठेवला तरी त्यात कडवटपणा उतरतो. स्टीलच्या कढईत हा रस पाच-सहा मिनिटं आटवून दोन चमचे उरू द्यावा. त्यात चिमूट हळद, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा मीठ, एक चमचा भाजलेले तीळ आणि खिसणीने हलकेच काढलेली अर्धा चमचा केशरी साल. सालीखालचा पांढरा भाग आला तर सगळं कडवट. जाळ बंद करून पाव किलो उकडलेली, गार केलेली फरसबी त्यात अर्धं मिनिट घोळवायची आणि लगेच वाढायची. ठेवली तर पंधरा-वीस मिनिटांत ती पिवळसर पडायला लागते. आंबट-गोड भाजी ज्यांना जेवणात नको वाटते त्यांनी तिखट पाऊण चमचा करावं. गूळ मात्र घालू नये, रस आटल्यावर तो पुरेसा गोड असतो.

अंबाडीचं गणित उलटं आहे. तिथे हिरवेपणाचा नाद सोडावा. दोन मुठी कोवळी पानं पाच मिनिटं उकळून पाणी पिळून टाकावं, मग चार हिरव्या मिरच्या आणि आठ लसूणपाकळ्यांसोबत पाट्यावर भरड वाटावं. अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या वेगळ्या मऊ शिजवून घ्याव्या. उकडलेल्या बरबटीचे तुकडे, कण्या आणि अंबाडीचं वाटण एकत्र करून दहा मिनिटं रटरटू द्यावं, वरून लसणाची सढळ फोडणी. शेंगा मेंदीच्या रंगाच्या होतात आणि तशाच चांगल्या लागतात. शेंग हिरवीगार राहिली म्हणजेच भाजी जमली, हे हॉटेलातल्या ताटांनी आपल्या डोक्यात घातलेलं वेड आहे. हिवाळ्यातला वाल तासभर मंद शिजून खाकी झाला की जो खोल स्वाद येतो, तो चार मिनिटांच्या उकळीत येणार नाही. ग्रीसमध्ये फसोलाकिया नावाची भाजी करतात. फरसबी, टमाटर, कांदा आणि भरपूर जैतुनाचं तेल घालून पाऊण-एक तास मंद शिजवतात आणि शेंग मुद्दाम लोण्यासारखी मऊ करतात. टमाटर आधी पडलेलं असतं, म्हणून तर एवढा वेळ लागतो. आपल्याकडे जून बरबटीसाठी ही पद्धत कामाची आहे. अर्धा किलो शेंगा, पाव वाटी शेंगदाण्याचं तेल, दोन कांदे, एक वाटी पाणी, मीठ, आणि झाकून मंद आच. पंचवीस मिनिटांनी शेंग मऊ झाल्यावर दोन टमाटर घालून आणखी पंधरा मिनिटं. मसाला शेवटच्या पाच मिनिटांत: एक चमचा खसखस आणि दोन चमचे सुकं खोबरं भाजून वाटलेलं, एक चमचा सावजी पद्धतीचा काळा मसाला, आणि रस्सा पातळ वाटला तर चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून. कोरडं पीठ थेट टाकलं तर गुठळ्या होतात.

गवारीला वेगळं वागवावं लागतं. तिची लव चोळून धुवावी, दोन्ही टोकं मोडून दोरा ओढावा, आणि चार मिनिटं मिठाच्या पाण्यात उकळून पाणी फेकावं. या एका पायरीने तिचा तुरटपणा आणि चिकटपणा निम्मा जातो. गवारीने पोट फुगतं असं म्हणणाऱ्या घरांत फोडणीला ओवा हवाच, पाव किलोला अर्धा चमचा. लाल भोपळ्याबरोबर, आलूबरोबर तिची भाजी सगळीकडे होते. त्यात नवं सांगण्यासारखं थोडंच आहे, भोपळा गवार शिजल्यावर घालावा एवढंच, नाहीतर तो विरघळून जातो. त्याऐवजी कढीत घालून पाहावी. एक लिटर आंबट ताकात तीन पोहे-चमचे बेसन आणि पाव चमचा हळद गुठळ्या न राहू देता घुसळायचं. मंद आचेवर पहिली उकळी येईपर्यंत डाव एकाच दिशेने फिरता ठेवायचा, थांबला की ताक फुटतं. बेसन हे ताकाला धरून ठेवणारं आहे, ते कमी पडलं तर फिरवूनही फाटेल. दहा मिनिटं उकळून बेसनाचा कच्चेपणा गेल्यावर १५० ग्रॅम उकडलेली गवार घालून पाच मिनिटं. फोडणीत पाव चमचा मेथीदाणे, सहा लसूणपाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, गोडलिंब (कढीपत्ता). मेथीदाणे तांबूस झाले की थांबायचं, काळे झाले तर कढी कडू. मीठ सगळ्यात शेवटी. गरम भातावर ही कढी आणि बाजूला ठेचा असला की दुसरी भाजी लागत नाही.

गोळाभाताचे (डाळीचे तिखट गोळे घातलेल्या भाताचे) गोळे ज्या घरात होतात, त्यांच्यासाठी आणखी एक. तमिळनाडूत बीन्स परुप्पु उसिली करतात: डाळ भिजवून, भरड वाटून, वाफवून, मोकळी करून शेंगांत मिसळलेली. आपल्या हाताला हे काम ओळखीचं आहे. अर्धी वाटी हरभऱ्याची आणि अर्धी वाटी तुरीची डाळ दोन तास भिजवून पूर्ण निथळावी. चार सुक्या मिरच्या, हिंग, जिरं, मीठ घालून पाण्याशिवाय भरड वाटावी. दाणा रव्यापेक्षा मोठा राहिला पाहिजे, बारीक झाली तर वाफवल्यावर विटेसारखी घट्ट बसते. तेल लावलेल्या ताटलीत बोटभर जाडीने पसरून बारा मिनिटं वाफवावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. गरम असताना कुस्करली तर गोळे होतात, गार झाल्यावर बोटांनी आपसूक मोकळी होते. तीन चमचे तेलात मोहरी, गोडलिंब आणि हा चुरा पाच-सात मिनिटं परतायचा, दाणे कोरडे आणि कडेने कुरकुरीत होईपर्यंत. मग बारीक चिरून उकडलेली ३०० ग्रॅम फरसबी, दोन मिनिटं. शेंग ओली असेल तर सगळा चुरा पुन्हा लगदा होतो, म्हणून ती आधी फडक्यात पिळून घ्यावी. गोळाभाताचे चार-पाच गोळे उरले असतील तर दुसऱ्या दिवशी तेच कुस्करून घातले तरी चालतात. ते आधीच तिखट-मिठाचे असतात, तेव्हा वरून मीठ पाहूनच घालायचं.

पीठ पेरून केलेली शेंग सगळ्यांना येते, तिच्यात एकच सुधारणा. बेसन कच्चं पेरण्याऐवजी कोरडं भाजून घ्यावं, तीन-चार मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. पाव किलो शेंगांना तीन चमचे. कच्चं पीठ शेंगेच्या वाफेत शिजायला दहा मिनिटं मागतं आणि तोवर शेंग गळते. भाजलेलं पीठ दोन मिनिटांत बसतं. निम्मं बेसन आणि निम्मं ज्वारीचं पीठ घेतलं तर भाजी कोरडी, भुरभुरीत होते, डब्यात न्यायला बरी पडते.

कुकरबद्दल थोडक्यात. गवार आणि जून बरबटीला एक शिट्टी, तीही पाव वाटी पाण्यात, आणि शिट्टी झाल्याबरोबर वाफ काढून टाकायची. वाफ आपोआप बसू दिली तर तेवढ्या वेळात शेंग पुन्हा निम्मी शिजते. कोवळी फरसबी कुकरमध्ये घालूच नये.

उरलेली उकडलेली शेंग दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळू नका. ती बारीक चिरून वाटीभर ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, ओवा, तीळ, तिखट आणि दोन चमचे दही घालून थालीपीठ थापावं. शेंगेतलं पाणी पिठात सुटतं, म्हणून आधी पाणी न घालता मळून पाच मिनिटं थांबायचं, मगच लागेल तसा हात ओला करायचा. तव्यावर टाकल्यावर मधोमध एक भोक पाडून त्यात अर्धा चमचा तेल, झाकण, मध्यम आच, एका बाजूने चार मिनिटं. दुसरी बाजू उघडीच भाजायची.

सोलताना निघालेले दोरे आणि टोकं गोठ्यात जातात, ते ठीकच. वेलावरच वाळत चाललेल्या वालाच्या शेंगा मात्र तोडू नयेत. त्यांच्यातले चांगले भरलेले दाणे पूर्ण वाळवून कडुलिंबाच्या पानांसोबत डब्यात ठेवावे. मृग लागला की तेच कुंपणाला दीड-दोन फुटांवर लावायचे.